प्रकल्प नोंदी : बसऱ्याची देवी

२१ जानेवारी २०२५

आत्याच्या घराचं रंगकाम निघालंय. रंगारी संक्रांतीपासून सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत रमला होता, तो काल उगवला. देव्हारा परक्या माणसाला हलवू द्यायचा नाही म्हणून मला बोलावणं आलं. बाकीचे देव टोपलीत मावले. खालच्या पायरीवरची 'बसऱ्याची देवी' मात्र आत्यानं स्वतःच्या पदरात घेतली.

ही देवी मी लहानपणापासून बघतेय. वाटीच्या झाकणीएवढी गोल चकती, वर शेंदूर-कुंकवाचा थर. बाई उभी, हातात त्रिशूळ, शेजारी सिंह. तुळजापूर आमची कुलस्वामिनी, त्यामुळे कुणाला काही विचारावंसं वाटलंच नाही. आज खिडकीचा उजेड तिच्यावर तिरपा पडला आणि कडेनं गोल फिरणारी इंग्रजी अक्षरं दिसली. तुळजाभवानीला इंग्रजी कशाला?

फोटो काढला. रात्री तो मोठा करून अक्षरं जुळवली. अर्थ असा : 'तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला.' पुढचं शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ही बाई म्हणजे ब्रिटानिया. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशा चकत्या पाठवल्या होत्या. कासं ओतून केलेल्या, १२ सेंटिमीटर व्यासाच्या, १३ लाखांहून जास्त. इंग्लंडातले लोक तिला 'मेलेल्याचा पैसा' म्हणायचे. आमच्या घरी ती त्रिशूळ आणि सिंह घेऊन आली. मग तिला देव्हाऱ्यात बसवलं नसतं तरच नवल.

२६ जानेवारी

आत्याला सांगितलं. वाईट वाटेल म्हणून पाच दिवस थांबले होते. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "मग? देवी न्हाई व्हय ती?"

"इंग्रजांची बाई आहे, आत्या."

"शंभर वरसं कुंकू लावलंय. आता झाली देवी."

विषय संपला. पण चकती काही दिवस घरी न्यायला दिली. अट एकच, पायाखालच्या जागी ठेवायची नाही.

ही नोंदवही आजपासून सुरू. मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते. दोन वह्यांतले आकडे जुळत का नाहीत ते शोधणं हाच माझा रोजचा धंदा. पणजोबांचा हिशेब त्याच पद्धतीनं मांडायचा ठरवलंय. नाव मात्र इथे लिहीत नाही. आमच्या भावकीत दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि हे वाचायला कोण कुठून येईल सांगता येत नाही.

३० जानेवारी

चकतीवर सिंहाच्या डोक्यावर एक आडवी चौकट आहे. मेलेल्याचं नाव तिथे उठावात ओतलेलं असतं. आमच्याकडची चौकट गुळगुळीत. कारण विचारलं तर आत्यानं बोटानं करूनच दाखवलं. देवीचं कपाळ केवढंसं, तांदळाच्या दाण्याएवढं. त्यावर कुंकू बसत नाही. चौकट सपाट, म्हणून पणजीनं तिथे लावायला सुरुवात केली, मग आजीनं, मग आत्यानं. दर नवरात्राला चिंच आणि राख लावून घासायचं ते वेगळं. शंभर वर्षं बोट नेमकं नावावरून फिरत राहिलं.

मऊ ब्रशनं सुकं कुंकू झाडलं. पाणी, चिंच, पीतांबरी काही नाही. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी टेबलाच्या पातळीवर आडवी धरली की सावल्या पडतात आणि गेलेली अक्षरं थोडी वर येतात. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली. लहानपणी नाण्यांचे छाप काढायचो तसं. सातव्या कागदावर पहिलं नाव पूर्ण आलं. आडनावाची सुरुवात आणि शेवट आला, मधली तीन अक्षरं धुक्यात.

एक फजिती नोंदवून ठेवते. सिंहाच्या मागच्या पायाशी बारीक आकडा दिसला. हाच पणजोबांचा शिपाई नंबर म्हणून दोन रात्री त्यावर घालवल्या. तो कारखान्याचा खुणेचा आकडा निघाला.

चकतीवर हुद्दा नसतो, पलटणही नसते. सुभेदार असो की शिपाई, मेल्यावर सगळे सारखे, म्हणून मुद्दाम नुसतं नाव. विचार चांगला, पण शोधणाऱ्याची पंचाईत. एकाच नावाचे पन्नास जण सापडले तर आपला कोणता?

२ फेब्रुवारी

आत्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. निम्मा वेळ शेजारणीच्या सुनेवर गेला. उरलेल्यातून हे निघालं.

पणजोबा मंगळवेढ्याकडच्या आमच्या मूळ गावचे. आज्जा पाळण्यात असताना बोटीत बसून गेले ते परत आले नाहीत. पणजीला नक्की काही कळायलाच दोनेक वर्षं लागली. "मेला म्हणून कागद आला तरी आज्जी म्हणायची, माती कुणी बघितली?" तिनं बांगड्या फोडल्या त्या सासूच्या सांगण्यावरून. कपाळाचं गोंदण मात्र तसंच राहिलं, ते काही पुसता येत नाही. पुढे दिरानं पैशाच्या कागदांवर तिचे अंगठे घेतले, ही आमच्या घरातली हकीकत. ती पोराला घेऊन सोलापूरला आली आणि जुन्या मिलमध्ये वाइंडिंगला लागली. १९७२ च्या दुष्काळात गेली. आत्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, म्हणजे हे ऐकीव कमी आणि बघितलेलं जास्त.

चांदीची पदकंही होती म्हणे. आज्जाच्या आजारपणात एक सराफाकडे गेलं, मग दुसरं. मी कपाळावर हात मारला. त्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं कोरलेलं असायचं. ज्यात पत्ता होता ते वितळलं, आणि कासं कुणी घेईना म्हणून देवी राहिली.

शेवटी आत्या एक वाक्य बोलली. पणजी रागावली की म्हणायची, "एकशेधाचा माणूस व्हता माझा." घरात सगळ्यांची समजूत अशी की सरकारकडून एकशे दहा रुपये यायचे राहिले. पप्पा तर गमतीनं त्यावर शंभर वर्षांचं व्याज लावायचे.

४ फेब्रुवारी

११० हा रुपयांचा आकडाच नव्हता.

११०वी मराठा लाईट इन्फन्ट्री. त्या वेळी मराठ्यांच्या पलटणी अशाच आकड्यांनी ओळखल्या जात : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ च्या फेररचनेत त्या सगळ्या एकाच रेजिमेंटच्या बटालियन झाल्या, आणि ११०वी त्यातली तिसरी. पणजीला ते नंतरचं नाव ठाऊक असायचं कारण नाही. तिचा नवरा एकशेदहाचा होता, ती तेच सांगत होती. आम्ही तीन पिढ्या व्याज मोजत बसलो.

पप्पांना फोन केला. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हातारीला एकदा तरी नीट विचारायला पाहिजे होतं."

१६ फेब्रुवारी

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी बघितली. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातले दोन्ही महायुद्धांतले बहुतेक मृत त्यांच्या नोंदींत आहेत आणि ती कुणालाही घरबसल्या चाळता येते. पलटण टाकली, युद्ध टाकलं, जिल्हा टाकला. पहिला धडा : 'सोलापूर' लिहून काही सापडत नाही, तिथे गाव 'शोलापूर' आहे. दुसरा धडा : नावं कारकुनानं कानाला ऐकू आली तशी लिहिलीत. एकच आडनाव चार तऱ्हांनी.

शोलापूर जिल्ह्यातली माणसं आहेत. बार्शी, करमाळा, माढा, सांगोला. प्रत्येकापुढे बापाचं नाव आणि गाव. ती गावं ओळखीची आहेत, एसटीच्या पाट्यांवर रोज दिसतात. एका गावच्या माणसाचं रिटर्न मी परवाच भरलं.

आमचा मात्र नाही. जवळपासच्या नावांचे काही आहेत. गाव जुळतं तिथे पलटण जुळत नाही, पलटण जुळते तिथे बाप.

२३ फेब्रुवारी

नाही.

३ मार्च

मार्च एंड. एप्रिलपर्यंत वही बंद.

मध्ये एका सरकारी कार्यालयात चौकशीला जाऊन आले. माजी सैनिकांचं काम बघतात असं कळलं होतं. समोरच्या माणसानं फॉर्म पुढे केला आणि विचारलं, "पासष्टचं युद्ध का एकाहत्तरचं?" म्हटलं, १९१४. त्यानं माझ्याकडं बघितलं, फॉर्म परत ओढून घेतला आणि चहा सांगितला. चहा चांगला होता.

६ एप्रिल

सापडला. श्रेय पप्पांच्या ट्रंकेचं.

गावच्या जमिनीचे जुने कागद त्यांनी जपून ठेवलेत. जमीन आमच्याकडे नाही, नुसते कागद. त्यातल्या एकावर मोडीच्या वर छापलंय : 'संस्थान सांगली'. मी सोलापूर, शोलापूर, पंढरपूर सगळं धुंडाळलं. पण मंगळवेढा तेव्हा सोलापूर जिल्ह्यात नव्हताच, पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि मग आम्ही सोलापूरचे झालो. दामाजीपंतांचं मंगळवेढं सांगलीचं, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं.

जिल्ह्याच्या जागी सांगली टाकून बघितलं. पलटण ११०. चौथी नोंद. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर (एक अक्षर सोडून). आडनावात कारकुनानं गोंधळ घातलाय, पण पेन्सिलीच्या छापावरची पहिली आणि शेवटची अक्षरं बसतात. मधल्या तीन अक्षरांची जागाही बसते. हुद्दा शिपाई. साल १९१६. स्मारक : बसरा (इराक).

रात्री साडेअकराला आत्याला फोन केला. तिनं विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "पणजोबा."

१३ एप्रिल

गेला आठवडा वाचनात गेला. जेवढं हिशेबाला लागतं तेवढंच इथे लिहिते.

नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन इराकच्या किनाऱ्यावर उतरली आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. त्या डिव्हिजनमध्ये ११०वी होती. कशासाठी गेले? इराणच्या तेलासाठी आणि तुर्कांना दूर ठेवण्यासाठी. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. नदीच्या काठानं वर सरकत पुढच्या वर्षाअखेर फौज बगदादच्या तोंडाशी पोचली. टेसिफॉनला २२ नोव्हेंबर १९१५ ला लढाई झाली. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली आणि जनरल टाउनशेंडनं उरलेल्यांना घेऊन कूत गावात माघार घेतली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी गावाला वेढा घातला.

१४७ दिवस. सोडवायला आलेल्या फौजेची वेढ्यातल्या माणसांपेक्षा जास्त हानी झाली. आत धान्य संपत आलं तशी घोडी कापायला काढली. हिंदी शिपायांतल्या बऱ्याच जणांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे निरोप मागवले, खायला हरकत नाही म्हणून. तरी कित्येकांनी शेवटच्या दिवसांतच तोंडाला लावलं. आमच्या घरी चंपाषष्ठीला खंडोबाच्या घोड्यालाही नैवेद्य असतो. पणजोबांनी काय केलं असेल या प्रश्नावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. पुढे विमानांतून पिठाची पोती टाकली, त्यातली काही तिग्रिस नदीत पडली.

ज्या मुलखात दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार दुष्काळात लुटवलं, ही गोष्ट आईच्या दुधाबरोबर मिळते, तिथला माणूस पीठ नदीत पडताना बघत होता. असेल. (हा 'असेल' माझा. ऑफिसात असं लिहिलं तर साहेब कागद फाडतील.)

२९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. साध्या शिपायांना उन्हातून बगदाद, मोसुल आणि पुढे रास अल-ऐनपर्यंत चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत आणि कामावर हजारो मेले.

जुळवणी : पणजोबांच्या नोंदीतली तारीख एप्रिलनंतरची आहे. पलटण कूतमध्ये होती. पण नवी कुमक कूतच्या बाहेरही लढत होती, म्हणून नुसत्या तारखेवरून कैदी म्हणता येत नाही. दुसरा पुरावा घरातला आहे. पोरगा पाळण्यात असताना गेले, म्हणजे सुरुवातीच्या बोटींतले. आणि मेल्याचं कळायला दोन वर्षं लागली. माझ्या मते कैदी. पेन्सिलीनं लिहिलंय, शाईनं नाही.

१९ एप्रिल

बसऱ्याच्या स्मारकावर पणजोबांचं नाव कुठल्या ओळीत आहे ते बघायला बसले होते.

नाव नाहीच.

१९२९ मध्ये उघडलेलं हे स्मारक, ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून जास्त मृतांचं. ब्रिटिशांची नावं कोरलेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा : आणि इतर इतके. नावं वहीत ठेवली, भिंतीवर नाही. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच अहवाल काढून माफी मागितली. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांची स्मृती बरोबरीनं राखली गेली नाही असं त्यात आहे. ज्यांची नावंच कुठे नाहीत असे तर त्याहून किती तरी जास्त.

देव्हाऱ्यातल्या चकतीवरून हुद्दा काढला, माणसं सारखी दिसावीत म्हणून. भिंतीवरून नावच काढलं. दोन्ही कामं त्याच साम्राज्यानं दहाएक वर्षांच्या आत केली.

आणि ती भिंतही जागची राहिली नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं अख्खं स्मारक बंदराजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेऊन बसवलं.

२७ एप्रिल

गाव.

पप्पा नको म्हणत होते, आत्या तर बोललीच नाही. शेवटी एकटीच निघाले. बेगमपूरचा पूल ओलांडला तेव्हा सात वाजले होते. भीमेत पाणी कमी. ज्वारी कधीच निघालेली, काळी रानं भेगाळून पडलेली, बांधाला कडब्याच्या गंजी.

चुलत घराण्यातले तात्या आता पंचाहत्तरीचे. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, कोण कुठली विचारलं. सांगितल्यावर थोडा वेळ नुसतेच बघत राहिले.

"म्हंजे पळालेल्या म्हातारीची तू."

आमच्या घरात पणजी दिरामुळे गाव सोडून आली. त्यांच्या घरात ती गिरणीच्या माणसांबरोबर पळून गेली. शंभर वर्षं दोन्ही घरांत आपापली गोष्ट नीट घासूनपुसून ठेवलेली. मी भांडायला आलेली नाही, कागद दाखवायला आलेय, म्हटलं. नोंदीची प्रत त्यांच्या पुढे ठेवली. तात्यांनी चष्मा लावला, बापाच्या नावावर बोट ठेवलं. तो बाप म्हणजे माझा खापरपणजोबा आणि त्यांचा पणजोबा.

"बसऱ्याला गेल्याला का ह्यो?" मग सुनेला हाक मारून म्हणाले, "चहा टाक गं. घरातलीच हाय."

चहानंतर त्यांनी रानात नेलं. वाटेत काहीच बोलले नाहीत. कडुलिंबाखाली जुनी मोटेची विहीर. दगडी बांधकाम, थारोळं (मोटेचं पाणी पडायची दगडी कुंडी) अजून शाबूत, बैलांची धाव मात्र मातीनं भरून शेतात मिळालेली. वर आता मोटर. सात परस (पुरुष) खोल, ते म्हणाले. वाकून बघितलं, तळाला पाणी चकाकत होतं.

"हिला बसऱ्याची हीर म्हणत्यात."

मला काही सुचेना. तात्याच सांगत गेले. लढाई संपल्यावर सरकारचा पैसा आला. पेन्शन होती का एकरकमी, त्यांना ठाऊक नाही. आज्ज्यानं त्यातून विहीर पाडली. "चोरी केली म्हणत असाल तुमी. केली आसंल. पर बाहत्तर साली तीन गावची माणसं हितनं पाणी न्यायची. माझ्या बाला म्हायती हाय, मला म्हायती हाय. रांग लागायची वाटंपतुर."

बाहत्तर. त्याच उन्हाळ्यात पणजी सोलापूरला गेली. आत्या सांगते, शेवटच्या दिवसांत ती पाणी मागायची आणि नळाला ते चार दिवसांआड यायचं.

विहिरीभोवती दोनदा फिरले. कुठे दगडावर काही कोरलंय का बघत होते. नाही. घरात देवी बसऱ्याची, रानात विहीर बसऱ्याची. जिथे मेला त्या गावाचं नाव सगळ्यांच्या तोंडात राहिलं. मेलेल्याचं तात्यांनाही माझ्या कागदावरच कळलं.

निघताना त्यांनी पायलीभर मालदांडी ज्वारी पिशवीत घातली. नाही म्हणायची सोय नव्हती.

४ मे

आत्याला सगळं सांगितलं. विहिरीचं ऐकून तिनं विचारलं, "गोड हाय का पाणी?"

मी प्यायले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं.

१८ मे

चकती परत देव्हाऱ्यात जायची म्हणून आज पिशवीत घालून निघाले. चार पुतळ्यांपाशी सिग्नल लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ होता आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. इथला प्रत्येक पोर ही नावं पाठ म्हणतो. माझ्या मांडीवरच्या पिशवीतही स्वातंत्र्यासाठी मेलेला एक माणूस होता, तसं इंग्रजांनीच ओतून दिलेलं. ज्यांनी ओतलं त्यांनीच, तो मेल्यावर चौदा वर्षांनी, इथल्या चौघांना लटकवलं. हा आमचा माणूस पुतळ्यांच्या बाजूचा की समोरचा, हे मला ठरवता आलेलं नाही. पोट भरायला गेला होता. सिग्नल सुटला.

आत्यानं यावर एक गोष्ट सांगितली. आज्जा तेव्हा सोळा वर्षांचा. मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घातली की मार पडायचा. पोरगा टोपी घालून आला. पणजीनं ती काढून, घडी करून देवीच्या खाली ठेवली. झडती आली, देवाला कुणी हात लावला नाही. पप्पा म्हणतात टोपी चुलीत घातली, आणि झडती आमच्या गल्लीत आलीच नव्हती. दोघांतला मोठा कोण म्हणून आत्याचं लिहून ठेवते.

चकती जागेवर बसली. आत्यानं कुंकवाचं बोट चौकटीकडे नेलं आणि थांबली. मग खाली, सिंहाच्या पाठीवर टेकवलं.

१ जून

कमिशनला नाव दुरुस्तीची विनंती पाठवली. पुरावे : पेन्सिलीचा छाप, चकतीचे तिरप्या उजेडातले तीन फोटो, संस्थानच्या कागदावर बापाच्या नावानिशी असलेली जमिनीची नोंद. गावाचं एक अक्षरही दुरुस्त करा म्हटलंय. मोडी वाचून देणाऱ्या गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत, आंबे घेतले.

८ जून

तात्यांचा फोन. पाऊस लवकर आला, विहिरीला दोन परस पाणी चढलंय. पेरणीआधी थारोळ्याच्या दगडावर नाव घालून घेऊ म्हणाले, मंगळवेढ्याचा पाट्या रंगवणारा पोरगा येतोय. पांढरा ऑइल पेंट. तो अक्षरामागं पैसे घेतो, त्यामुळे मजकूर थोडक्यात द्या. मी आधीच करून ठेवला होता : नाव, ११० मराठा, १९१६.

आत्या शेजारीच बसली होती. म्हणाली, "आज्जीचं बी घाल म्हण."

मी फोनवर हात ठेवला. म्हटलं, आत्या, त्यांच्या रानातली विहीर आहे, कसं सांगू?

"पैसा कुणाच्या अंगठ्याचा हाय?"

सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. नुसतं मोटरचं घरघर ऐकू येत होतं. मग तात्या म्हणाले, "घालू की. नाव काय व्हतं म्हातारीचं?"

आत्यानं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि सांगितलं. मग परत एकदा, सावकाश, वेलांटी पहिली का दुसरी तेही. तात्यांनी लिहून घेतलं. रंगाऱ्याचे सातशे झाले, साडेतीनशे मी आजच पाठवले.